रुमालाखालचा भाव

"साहेब, तुमी नुस्तं व्हय म्हना. बाकीचं आमी बगतो," सुभेदार म्हणाले आणि ठरावाचा मसुदा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

पतसंस्थेच्या राखीव निधीतले दोन कोटी रुपये सांगलीच्या एका बँकेत 'लाँग टर्म डिपॉझिट' म्हणून ठेवावेत, असा तो ठराव होता. खाली सल्लागाराच्या शिफारशीसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. सल्लागार म्हणजे मी. त्या ओळींत काय लिहायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवून आलो होतो. 'एकंदरीत पाहता हरकत दिसत नाही.' आमच्या धंद्यात हे वाक्य फार उपयोगाचं असतं. पैसे बुडाले तर म्हणता येतं की हरकत 'दिसत नाही' असं लिहिलं होतं, 'नाही' असं कुठे लिहिलं होतं?

मी चार्टर्ड अकाउंटंट. उभी हयात सांगलीत प्रॅक्टिस केली. ही पतसंस्था मात्र सातारा-कोरेगाव रस्त्यावरच्या एका गावातली. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. रिटायर होऊन आला की हातात एकरकमी पैसे येतात आणि दर महिन्याला पेन्शन. हे पैसे शहरातल्या बँकांच्या स्वाधीन करण्यापेक्षा आपलीच संस्था काढू, असं त्या मंडळींनी ठरवलं आणि काढली. फार व्यवस्थित चालवली. सकाळी दहाला म्हणजे दहाला शटर वर. सुभेदार तिचे चेअरमन. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण मिशा अजून ड्यूटीवर होत्या.

बँकेचं नाव लिहीत नाही. ज्यांचे पैसे अडकले त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांचे अडकले नाहीत त्यांना जाणून काय करायचंय?

तो काळ सहकारी बँकांना वाईट होता. मोठ्या शहरातल्या एका बँकेवर निर्बंध आले होते. टीव्हीवर दिवसभर बंद दारासमोरची रडणारी माणसं दिसत होती. ते बघून आपल्याकडेही लोक पासबुकं घेऊन काउंटरला यायला लागले. नुसती एन्ट्री मारून घ्यायचे आणि मॅनेजरचा चेहरा निरखून जायचे. त्यात लॉकडाउन आला. कर्जं थकली. सांगलीच्या ह्या बँकेला भांडवलाची गरज होती आणि ती भागवायला तिचे चेअरमनसाहेब गावोगाव हिंडत होते.

लाँग टर्म डिपॉझिट हे नाव ऐकायला छान आहे. ठेवच ती, फक्त जरा लांब मुदतीची, असं वाटतं. तसं नसतं. साधी ठेव म्हणजे तुम्ही बँकेला उसने दिलेले पैसे. ही ठेव बँकेचं भांडवल म्हणून धरली जाते. मुदतीआधी मागता येत नाही. तिला विमा नाही. आणि बँक बुडाली तर पैसे परत घेणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही सगळ्यांच्या मागे. म्हणून तर व्याज दीड-दोन टक्के जास्त देतात. पतसंस्थेला असली गुंतवणूक करताना नियमांचेही बरेच अडथळे असतात. ते ओलांडायचे कसे हे सांगण्यासाठीच मला बोलावलं होतं.

कर्तव्य म्हणून मी सुभेदारांना एकदा विचारलं होतं, की हीच बँक कशाला?

"संस्था काढली तवा एक बी बँक आमाला दारात हुबं करत नव्हती," ते म्हणाले. "ह्यांनी सांगलीस्नं मानूस धाडून खातं उगडून दिलं. आज ती जखमी हाय. जखमी गडी मागं टाकून आमी कवा आलो न्हाई."

ह्यावर चार्टर्ड अकाउंटंटनं काय बोलावं? आमच्या अभ्यासक्रमात बॅलन्स शीट असते, स्ट्रेचर नसतं.

पण सुभेदारांना धोका कळत नव्हता असंही नाही. राखीव निधी गेला तर संस्था राहत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या लोकांनी सुभेदारांच्या तोंडाकडे बघून पैसे ठेवले होते. "गेलं तर मी ह्या गावात राहनार न्हाई," असं ते मला मोटारीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले होते. ते बोलायचं म्हणून बोलणाऱ्यांतले नव्हते.

आता माझं. त्या बँकेच्या माधवनगर शाखेचं कन्करंट ऑडिट माझ्या फर्मकडे होतं. कन्करंट ऑडिट म्हणजे वर्षाखेरीची वाट न बघता चालू व्यवहारांची तपासणी. त्याची फी दर महिन्याला यायची. त्यामुळे बँक टिकावी असं मलाही मनापासून वाटायचं. शिफारस करताना हा संबंध सांगायला हवा होता. सांगितला नाही. कोणी विचारलंही नाही.

आणि मला काहीच दिसलं नव्हतं असं नाही. कुपवाडला एक कारखानदार होता. त्याचं कर्ज थकायला आलं की शाखा त्याला दुसरं कर्ज द्यायची आणि दुसऱ्यातून पहिल्याचे हप्ते भरून घ्यायची. कागदावर माणूस मोठा वक्तशीर. प्रत्यक्षात कारखान्याच्या गेटवर कुत्रं झोपलेलं. मी अहवालात शेरा मारायचो, 'शाखेने दक्षता घ्यावी.' मॅनेजर उत्तर लिहायचा, 'दक्षता घेतली.' की आम्ही दोघं चहा प्यायला मोकळे.

चेअरमनसाहेब अभिमानानं सांगायचे, की आपलं भागभांडवल दर वर्षी वाढतंय. ते वाढायचं कसं? सहकारी बँकेत कर्ज मंजूर झालं की त्यातलेच काही टक्के कापून कर्जदाराच्या नावे शेअर्स करतात. सगळीकडे तशीच पद्धत आहे, नियमाला धरून आहे. पण कर्जच बुडणारं असेल तर बँकेचेच पैसे बँकेला भांडवल म्हणून परत येतात. आपणच पाकिटात पैसे घालायचे, आपल्यालाच आहेर करायचा आणि आहेर चांगला जमला म्हणून खूश व्हायचं, असा तो प्रकार.

सभासदांना त्याचं काही नव्हतं. त्यांना वार्षिक सभेला स्टीलचा डबा मिळाला की झालं. एका वर्षी डब्याऐवजी छत्री दिली तर सभेत मोठा गोंधळ झाला होता. थकबाकी दुप्पट झाली त्या वर्षी डबा झाकणासकट होता. कोणी चकार शब्द काढला नाही.

तर त्या दिवशी संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये बैठक होती. सांगलीहून दोन गाड्या आल्या. एकीत चेअरमन आणि एमडी. एमडी म्हणजे बँकेचे सर्वांत वरचे पगारी अधिकारी. ह्यांचा लॅपटॉप सतत मांडीवर. दुसऱ्या गाडीत अण्णा मगदूम.

अण्णा हळदीचे व्यापारी. मार्केट यार्डात त्यांची अडत. पांढरी टोपी, खांद्यावर भलामोठा रुमाल, बोलणं कमी. शब्दाचे इतके पक्के की त्यांनी फोनवर सांगितलेल्या भावावर गाड्या भरल्या जायच्या. ते बँकेचे संचालक होते. बोर्डात असा एखादा माणूस लागतोच, मिठाईवर वर्ख लागतो तसा. ठेवीदार गांगरले की चेअरमन अण्णांना पुढे करायचे. आजही त्यासाठीच आणलं होतं.

एमडींनी भिंतीवर आकडे दाखवले. सगळे बाण वर जाणारे. चेअरमन बोलले. त्यांच्या भाषणात कृष्णामाई होती, सहकार होता, सैनिकांचा त्याग होता. फक्त पैसे परत कधी मिळणार ते नव्हतं. मग त्यांनी अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अण्णा उठले, "बँक आपली हाय," म्हणाले आणि बसले. तीनच शब्द झाले. टाळ्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या.

जेवणाची सुट्टी झाली. फौजी मंडळींनी मटणाचा बेत केला होता. अण्णा जैन. ते दोन केळी घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात कट्ट्यावर येऊन बसले. त्यांना सोबत म्हणून मीही गेलो. चेअरमन जेवून आले आणि आमच्यापासून दोन हात अंतरावर उभे राहून दात कोरू लागले.

इथे मला थोडं मार्केटमधलं सांगायला हवं. पूर्वी आमच्याकडे हळद, गूळ, मिरची ह्यांचे सौदे तोंडानं होत नसत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव सांगायचे. एक बोट म्हणजे एक, चार म्हणजे चार. ते शेकडा की हजार हे दोघांना आधीच ठाऊक असायचं. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. ह्याला हत्ता पद्धत म्हणतात. मालवाल्याची फसवणूक होते म्हणून सरकारनं ती केव्हाच बंद केली. जनावरांच्या बाजारात अजून बघायला मिळते. मी तरुणपणी अडतींची ऑडिटं करायचो, तेव्हा अण्णांनी मला ती गंमत म्हणून शिकवली होती.

अण्णांनी केळ्याची सालं बाजूला ठेवली. खांद्यावरचा रुमाल काढून हात पुसले. मग सहज, इतक्या सहज की मलाही कळलं नाही, माझा उजवा हात त्यांच्या हातात गेला आणि वर रुमाल आला.

"सोळा आणे माल कुटं ऱ्हायलाय रं आता, सीए," ते मोठ्यानं म्हणाले. आणि रुमालाखाली माझी तीन बोटं दाबली.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते. तीन आणे? बँकेतल्या रुपयाला? माझा विश्वास बसेना. हत्त्यात भाव पटला नाही तर समोरचा आपला भाव दाबतो. मी त्यांची पाच बोटं दाबली आणि मग तीन. आठ आणे तरी असतील की? त्यांनी माझा हात झटकला, पुन्हा धरला आणि तीच बोटं पुन्हा दाबली. ह्या वेळी नखं रुतली. मग माझी मूठ मिटवली. मूठ मिटली की सौदा संपला. पुढे घासाघीस नाही.

"काय अण्णा, सीएसाहेबांना हळद विकताय काय?" चेअरमन काडी बाजूला करून म्हणाले.

"इकत न्हाई," अण्णा म्हणाले. "भाव सांगतोय."

चेअरमन हसले. मीही हसलो.

अण्णांनी तोंडानं का सांगितलं नाही, हे मला तिथेच कळलं. बँकेची वरून तपासणी नुकतीच झाली होती. तिचा अहवाल बोर्डाच्या बंद दाराआड वाचला जातो. संचालकानं तो बाहेर फोडायचा नसतो, तसं त्यानं लिहून दिलेलं असतं. त्यामागे कारणही आहे. एक शब्द फुटला तर दुसऱ्या दिवशी काउंटरला रांग लागते आणि ज्यांना कोणी आतून फोन करत नाही अशी माणसं त्या रांगेत शेवटी राहतात. अण्णांनी एकाही नातेवाइकाला पैसे काढायला सांगितलं नव्हतं, हे पुढे सिद्ध झालं. पण नवीन माणूस डोळ्यांदेखत खड्ड्यात उतरतोय हे त्यांना बघवलं नसावं. म्हणून त्यांनी शब्द न काढता भाव सांगितला.

बैठक पुन्हा सुरू झाली. सुभेदारांनी पेन माझ्या हातात दिलं. मला आता 'नको' म्हणायचं होतं आणि त्याचं कारण सांगता येत नव्हतं. मी पाच-दहा मिनिटं भांडवल पर्याप्तता, जोखीमभारित मालमत्ता असले शब्द फेकले. एका निवृत्त हवालदारांना झोप लागली. सुभेदार शांतपणे म्हणाले, "साहेब, त्ये समदं खरं. पर जखमी गड्याचं काय?"

तेव्हा मला एकच प्रश्न सुचला. "चेअरमनसाहेब, ह्याच योजनेत तुम्हा संचालकांचे स्वतःचे किती आहेत?"

"आमची तर बँकेवर पहिल्यापासून श्रद्धा आहे," चेअरमन म्हणाले.

"श्रद्धा न्हवं," सुभेदार म्हणाले. "रक्कम इचारत्यात साहेब."

एमडींनी लॅपटॉप उघडला आणि पुन्हा मिटला. चेअरमन म्हणाले की योजना मुळात संस्थांसाठी आहे, संचालकांचं योगदान वेगळ्या स्वरूपाचं असतं, ते पैशात मोजता येत नाही.

"मंजे अफसर मागं जीपमदी," सुभेदार म्हणाले, "आनि जवानांनी म्होरं व्हायचं."

हॉलमध्ये खसखस पिकली. झोपलेले हवालदारही जागे झाले. माझं काम झालं होतं. तेवढ्यात अण्णा बोलले.

"माझी हाय."

सगळे तिकडे वळले. चेअरमनच्या तोंडावर एकदम उजेड पडला. अण्णांना सरळ प्रश्न ऐकून खोटं गप्प बसता आलं नाही, एवढंच ते होतं. संचालकांनी आधी स्वतःचे पैसे घालावेत असं बोर्डात ठरलं होतं, आणि एकट्या अण्णांनीच ते घातले होते. तपासणी त्यानंतर झाली.

सुभेदारांचा सूर बदलला. "अन्नांनी ठिवली आसंल तर मग..." म्हणत त्यांनी पेन माझ्या हातातून परत घेतलं आणि ठराव स्वतःकडे ओढला.

मला काहीतरी करायला हवं होतं. मी जे केलं ते असं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अण्णांनी ठेवली म्हणून आपण ठेवायची नाही, सुभेदारसाहेब. अण्णांना हळदीतलं कळतं. बँकेतलं कळत नाही."

त्या माणसाला त्याच्या वयाचंही कोणी असं तोंडावर बोललं नसेल. मी तर पंधरा वर्षांनी लहान, त्यांच्या अडतीवर चहा पिऊन मोठा झालेला. अण्णांनी मान खाली घातली. त्यांना हायसं वाटलं असणार, असं आता वाटतं. बघणाऱ्यांना मात्र ती शरम वाटली.

सुभेदारांनी पेनाला टोपण लावलं. ठराव नामंजूर झाला.

काही महिन्यांनी बँकेवर निर्बंध आले. मग पैसे काढायला मर्यादा, मग बोर्ड बरखास्त, मग परवाना रद्द. छोट्या ठेवीदारांना विम्याचे पैसे मिळाले. लाँग टर्म डिपॉझिटवाले रांगेच्या शेवटी उभे होते ते अजून तिथेच आहेत. सांगलीकडच्या एका पतसंस्थेनं ती ठेव ठेवली होती. तिच्या दारावरची पाटी आता उतरवली आहे.

माझा मात्र सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. स्थानिक पेपरात फोटो आला, खाली 'बँकेचे संकट आधीच ओळखणारे' असं लिहिलेलं. मला व्याख्यानांची आमंत्रणं येऊ लागली. विषय, 'बुडणारी बँक ओळखण्याच्या पाच खुणा.' पाचही खुणा मी बँक बुडाल्यावर शोधून काढल्या. शिरवळला कारखानदारांपुढे बोललो, मिरजेला डॉक्टरांपुढे बोललो. सुरुवातीला फुकट बोलायचो. मग फी घेऊ लागलो, कारण फी घेतली की लोक टिपणं काढतात. सर, तुम्हाला नेमकं केव्हा लक्षात आलं, असं कोणी विचारलं की मी थोडा वेळ छताकडे बघायचो आणि "अनुभव" म्हणायचो.

गावात सुभेदार प्रत्येक कार्यक्रमात तो प्रसंग सांगायचे. नकलेसकट. "आनि साहेब म्हनलं, अन्नाला हळदीतलं कळतं!" लोक पोट धरून हसायचे. मग सुभेदार अण्णांना दोन शिव्या घालायचे. आपलं बुडालं म्हणून आम्हाला बुडवायला आला होता म्हातारा, असा एकूण सूर. मी शेजारच्या खुर्चीवर शाल पांघरून बसलेला असायचो.

मी गप्प का राहिलो? पहिली दोन-तीन वर्षं माझ्याकडे सबब होती आणि ती खरी होती. बुडालेल्या बँकेच्या संचालकांची सहकार कायद्याच्या कलम अठ्ठ्याऐंशीखाली चौकशी लागते. नुकसान कोणाकडून किती वसूल करायचं ते तीत ठरतं. अण्णांनी आतली गोष्ट बाहेर सांगितली असं मी बोललो असतो, तर तो एक आरोप वाढला असता. पण चौकशी संपली. अण्णांनी आपल्या वाट्याला आलेली रक्कम गोडाऊन विकून भरली. चेअरमन अजून कोर्टात आहेत, म्हणजे मजेत आहेत. माझी सबब संपली तरी मी गप्पच राहिलो. त्याचं कारण सांगायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. त्या महिन्यात माझी तीन व्याख्यानं ठरलेली होती.

गेल्या उन्हाळ्यात मी अण्णांकडे गेलो. ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दुकानात जातात, पण गल्ल्यावर मुलगा बसतो. मी म्हटलं, अण्णा, मी हे सगळं लिहिणार आहे आणि गावात सांगणार आहे.

"सांग की," ते म्हणाले. "पर भाव नीट सांग. किती सांगनार हाईस?"

"तीन आणे."

"अडीच सांगितला हुता मी. तिसरं बोट निम्मंच धरलं हुतं. तुला हत्ता कवा नीट आलाच न्हाई."

मी विचारलं, की माझ्याऐवजी सुभेदारांनाच काही खूण का केली नाहीत? त्यांना बोटांतलं काय कळणार, असं अण्णा म्हणाले. "आनि सही तू करनार हुतास न्हवं? दिसत हुतं की तुज्या तोंडावर."

त्यांना राग आहे का, हे मला विचारायचं होतं. मी ते फिरवून विचारलं, की लोकांचा फार त्रास झाला का? दुकानाच्या शटरवर कोणीतरी ऑइलपेंटनं 'चोर' लिहिलं होतं, ते मुलानं खरवडलं, पण उन्हात अजून दिसतं. अण्णा म्हणाले, "मंदिरात मानसं सरकून बसायची. जागा ऐसपैस मिळायची. गुडघ्याला बरं पडलं."

मग त्यांनी मला ताक पाजलं आणि घालवून दिलं.

पतसंस्थेची वार्षिक सभा त्यानंतर महिन्याभरात झाली. मी सुभेदारांकडे पाच मिनिटं मागितली. त्यांना वाटलं नेहमीचंच मार्गदर्शन. मी सगळं सांगितलं. माधवनगरचं ऑडिट सांगितलं. 'हरकत दिसत नाही' हे वाक्य लिहायचं ठरवून आलो होतो, ते सांगितलं. रुमाल सांगितला, आणि भाव अडीच आण्यांचा होता तोही सांगितला. मागून कोणीतरी विचारलं, मग व्याख्यानांची फी अण्णाला देणार का? लोक हसले. मी म्हटलं, देऊ केली होती, त्यांनी घेतली नाही. मुलाकडे पाठवली तर तीही परत आली.

सुभेदार हसले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"सा वरसं मी त्या मानसाला माईकवरनं शिव्या घातल्या," ते म्हणाले. "तुमी माज्या शेजारी बसून ऐकत हुता."

मी हो म्हटलं.

"बसा खाली."

साहेब म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी बसलो. सभा पुढच्या विषयाकडे गेली.

पुढचं मला अण्णांच्या मुलानं फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी दुपारी दुकानासमोर एक जीप थांबली. आठ-दहा दणकट माणसं खाली उतरली. ठेवीदार दंगा करायला आलेत असं समजून अण्णांनी गड्याला शटर खाली ओढायला सांगितलं. ते निम्म्यावर आलं तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आवं अन्ना, शटर वर घ्या. मागाया न्हाई आलो आमी, द्याया आलोय." आत येऊन सुभेदारांनी अण्णांचे पाय धरले. अण्णांना ते आवडलं नाही. फौजी माणसानं असलं करू नये, म्हणाले. मग सगळे पोत्यांवर बसून चहा प्यायले. निघताना सुभेदारांनी अण्णांच्या हातात एक ठराव दिला, सहा वर्षं माईकवरून जे बोललो ते परत घेतो, असं लिहिलेला. संस्थेच्या लेटरहेडवर, सगळ्या संचालकांच्या सह्यांसकट. अण्णांनी तो चष्मा लावून वाचला आणि एवढ्यासाठी कागद कशाला घालवला, असं विचारलं. पुढच्या रविवारी मंदिरात जाताना मात्र तो खिशात घालून गेले, असं मुलगा सांगत होता.

पतसंस्थेनं आता साताऱ्याचा दुसरा सल्लागार नेमला आहे. बरोबरच केलं. व्याख्यानं मी बंद केली आहेत, पण जाता जाता शेवटचं एक फुकट देतो. अडचणीतली बँक भांडवल मागत दारात आली, तर तिच्या संचालकांचे स्वतःचे किती अडकलेत ते विचारा, आणि जो 'माझे आहेत' म्हणेल त्याला नंतर एकटं गाठून पुन्हा विचारा. आणि तुमच्या सल्लागाराचा सल्ला बरोबर ठरला, तर शाल आणण्याआधी त्याला एवढंच विचारा, की हे तुला कोणी सांगितलं? सहा वर्षांत मला हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटंच बोललो असतो, पण निदान फी कमी लावली असती.